धाप म्हणजे वय नव्हे: सीओपीडी ओळखावा कसा आणि त्याच्यासह राहावे कसे

माझ्या आत्याने आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही. तरीही अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला आडावरून पाण्याची कळशी आणताना मध्ये एकदा ती खाली टेकवावी लागू लागली, पुढे दोनदा, आणि मग तिने पाणी आणणेच सोडले. घरातले सगळे, आणि ती स्वतःही, वय झाले असेच म्हणत राहिले. खोकला तर तिला दर थंडीत असेच, त्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. रोगाचे नाव कळेपर्यंत चार वर्षे निघून गेली होती आणि त्या चार वर्षांत फुप्फुसाचे जे नुकसान झाले ते भरून येणारे नव्हते. तेव्हापासून तिच्याबरोबर दवाखान्यांत बसून, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून जे समजले आणि घरी जे उपयोगी पडले, ते येथे क्रमाने मांडतो आहे. औषधाचे नाव आणि मात्रा मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायची आहे.

आधी रोग समजून घ्यावा

सीओपीडी (इंग्रजीत ‘क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मोनरी डिसीज’) या फुप्फुसाच्या जुनाट रोगात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. वर्षानुवर्षे आत जाणाऱ्या धुराने त्यांना आतून सूज येते, त्यांत बेडका साठतो आणि नळ्यांच्या टोकाशी असलेले हवेचे सूक्ष्म फुगे झिजून फाटतात. या फुग्यांच्या भिंतींतूनच प्राणवायू रक्तात उतरतो, आणि हेच फुगे बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. फुगे गेले की नळ्या श्वास सोडताना मिटू लागतात, हवा आत अडकून राहते आणि आधीच भरलेल्या छातीत नवा श्वास घ्यायला जागा उरत नाही. रुग्णाला वाटते की श्वास आत जात नाही; खरी अडचण तो पुरता बाहेर पडत नाही ही असते. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, तर पुढचे बहुतेक उपाय असेच का आहेत ते आपोआप उलगडते.

आपल्याकडे प्रत्येक धापेला ‘दमा’ म्हणण्याची पद्धत असल्याने घोटाळा होतो. दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, कधी जोर करतो तर कधी अगदी नाहीसा झाल्यासारखा वाटतो, आणि औषधाने नळ्या बऱ्याच अंशी पूर्ववत उघडतात. सीओपीडी साधारणपणे चाळिशीनंतर दबक्या पावलांनी येतो, त्याची धाप वर्षागणिक वाढत जाते आणि औषधानेही नळ्या पूर्ण उघडत नाहीत. दोन्ही रोग एकाच माणसात असू शकतात, आणि उपचार काही ठिकाणी वेगळे असल्याने हा फरक तपासणीनेच ठरवावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली या रोगाने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. विडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत परिचित कारण आहे, पण आपल्या गावांत चुलीचा धूर तितकाच महत्त्वाचा आहे. बंद स्वयंपाकघरात तुराट्या, पऱ्हाट्या किंवा गोवऱ्या जाळून रोज तीन-चार तास काढणाऱ्या बाईच्या छातीत तीस वर्षांत किती धूर गेला, याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तिच्या हातात विडी कधी दिसलेली नसते. दगडखाण, वेल्डिंग किंवा कापसाच्या धुळीतील काम, बरा झालेला जुना क्षयरोग आणि लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया हीही कारणे आहेत. क्वचित कोणाला तो जन्मजात दोषामुळे ऐन तरुणपणी होतो.

फुंकण्याच्या तपासणीने निदान

आत्याचे छातीचे फोटो तीनदा काढले होते आणि तिन्ही वेळा ‘फोटो चांगला आहे’ असेच सांगण्यात आले. यात खोटे काही नव्हते, कारण सुरुवातीच्या सीओपीडीत छातीचा फोटो अगदी सर्वसाधारण दिसू शकतो. तो काढावा जरूर, पण क्षयरोग, गाठ किंवा हृदयाचा आकार वाढणे अशा इतर गोष्टी पाहण्यासाठी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणीही करून घ्यावी. ती मोफत होते.

सीओपीडीचे निदान होते ते स्पायरोमेट्रीने. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली श्वास मोजण्याचे यंत्र वर्णिले, आणि आजचे हातात मावणारे यंत्रही मूळ तेच काम करते. नाकाला चिमटा लावतात, छाती पूर्ण भरेल इतका श्वास घ्यायला सांगतात, आणि मग नळीभोवती ओठ घट्ट मिटून, एकदम जोर लावून, छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचे असते. निदान सहा सेकंद तरी फुंकत राहावे लागते, आणि शेवटचे दोन सेकंद काहीच बाहेर येत नाही असे वाटले तरी थांबायचे नसते. असे किमान तीनदा केल्यावर श्वासनळ्या उघडणारे औषध ओढायला देतात, पंधरा मिनिटे बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात.

अहवालात अनेक आकडे असतात, पण पाहायचे दोनच. औषधानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेला एकूण बाहेर पडलेल्या हवेने भागले आणि उत्तर ०.७ पेक्षा कमी आले, तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे. तो किती, हे दुसरा आकडा सांगतो: पहिल्या सेकंदाची हवा त्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाच्या ८० टक्के किंवा अधिक असेल तर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र आणि ३० च्या खाली अतितीव्र. तपासणीच्या आधी नळ्या उघडणारी औषधे किती तास बंद ठेवायची हे विचारून जावे, भरल्या पोटी जाऊ नये, आणि अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा मोतीबिंदूचे अथवा पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर ते आधीच सांगावे.

आत्याला मात्र जोर लावून फुंकायला शिकवावे लागले नाही. टेक्निशियन म्हणाला, “मावशी, चूल फुंकता तसं फुंका,” आणि तिने पहिल्याच प्रयत्नात बरोबर फुंकले. ज्या फुंकणीने रोग दिला, तिच्यामुळेच त्याचे नाव पटकन कळले.

पहिले काम: धूर थांबवणे

गेलेली फुप्फुसे परत येत नाहीत, पण उरलेली झिजण्याचा वेग कमी करता येतो. निरोगी माणसाचाही पहिल्या सेकंदाचा श्वास तिशीनंतर दर वर्षी साधारण २५ ते ३० मिलीलिटरने घटतो. धुराचा फटका बसणाऱ्यांत तो याच्या दुप्पट वेगाने घटू शकतो. विडी सोडली की हा वेग हळूहळू निरोगी माणसाच्या जवळ येतो. साठाव्या वर्षी सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्याला हेच उत्तर आहे. सोडताना निव्वळ निर्धारावर विसंबू नये. निकोटिनचे च्युइंगगम, चिकटपट्टी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणाऱ्या गोळ्या यांनी यशाची शक्यता वाढते, आणि १८००-११२-३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते. विडी सोडून तंबाखू मळून तोंडात धरणे किंवा मिश्री लावणे याने फुप्फुसाचा धूर थांबेल, पण तोंडाच्या कर्करोगाचे दार उघडे राहील.

चुलीचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण ती व्यसन नसून घरव्यवस्था आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची शेगडी घरोघरी पोचली, तरी भाकरी चुलीवर, अंघोळीचे पाणी बंबात आणि चहा तेवढा गॅसवर, अशी वाटणी पुष्कळ घरांत दिसते. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो, हे त्यामागचे खरे कारण आहे, आणि केवळ उपदेशाने ते सुटत नाही. आम्ही केले ते असे: सर्वांत जास्त धूर कोठे होतो ते पाहिले, तर तो भाकरीचा नव्हे, सकाळच्या पाण्याचा निघाला, कारण ओले जळण, पालापाचोळा आणि कधी प्लास्टिकची पिशवीही त्यातच जात असे. पाणी तापवणे गॅसवर घेतले आणि भाकरीची चूल बाहेर पडवीत नेली. भाकऱ्या सून करते, आणि त्या वेळी आत्या मागच्या अंगणात बसते. चूल पूर्णपणे सुटत नसेल तर निदान जळण सुके असावे, धूर वर जायला वाट असावी, आणि रुग्णाने तरी चुलीसमोर बसू नये.

इतर धुरांकडेही पाहावे. डास पळवण्याच्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले, असे एका मोजणीत आढळले होते, आणि आपण ती खिडक्या लावून उशाशी जाळतो. मच्छरदाणी हा त्यावर जुना आणि बिनधुराचा उपाय आहे. उदबत्ती, धूप, शेकोटी, दिवाळीचे फटाके, मळणीची धूळ, सुपाने पाखडताना उडणारा कोंडा, या सगळ्यांपासून रुग्णाने दूर बसावे. देवाला निरांजन पुरते.

पंप घेण्याची रीत

औषधाचा निम्मा गुण औषधात आणि निम्मा ते घेण्याच्या रीतीत असतो, असे मी आता अनुभवाने म्हणतो. आत्याला पहिल्यांदा कॅप्सूल आणि त्या ओढण्याचे यंत्र दिले, तेव्हा दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात कोणीही ते वापरून दाखवले नाही. कॅप्सूल म्हटल्यावर ती गिळायची असणार, म्हणून दोन महिने ती त्या पाण्याबरोबर गिळत होती, आणि यंत्र फडताळात तसेच पडून होते. असे करणारी ती एकटी नाही, हे मला पुढे कळले.

पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, अशी समजूत अजून घट्ट आहे. तिला उत्तर म्हणून एक साधा हिशेब पाहावा. साल्ब्युटामॉलची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या दोन फवाऱ्यांत मिळून ०.२ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे गोळीच्या विसाव्या भागाइतके औषध थेट जागेवर पोचून काम करते, आणि हात थरथरणे, छातीत धडधडणे हे त्रास कमी होतात.

कॅप्सूलचे यंत्र असे वापरावे. हात कोरडे असावेत. कॅप्सूल चौकोनी भोकात पारदर्शक टोक खाली ठेवून बसवावी आणि यंत्राचा तळ पूर्ण फिरवावा, म्हणजे ती आत उघडते. मान फिरवून श्वास बाहेर सोडावा. यंत्रात फुंकू नये, दमटपणाने पूड चिकटते. मग नळी ओठांत घट्ट धरून जोरात आणि खोल श्वास ओढावा, तोंड मिटून मनात दहापर्यंत मोजावे आणि श्वास हळूच सोडावा. आत पूड उरली असेल तर पुन्हा एकदा ओढावी.

फवाऱ्याचा पंप याच्या उलट रीतीने घेतात, आणि येथेच गोंधळ होतो. त्यात श्वास जोरात ओढायचा नसतो, सावकाश ओढायचा असतो. पंपाला स्पेसर नावाचा पोकळ डबा जोडून घेतलेला बरा, कारण त्यामुळे फवारा दाबण्याची आणि श्वास ओढण्याची वेळ तंतोतंत जुळवावी लागत नाही आणि औषध घशात न चिकटता खाली उतरते. पंप हलवावा, डब्याला जोडावा, श्वास सोडून तोंड लावावे, एकच फवारा दाबावा, सावकाश खोल श्वास घ्यावा आणि दहापर्यंत रोखावा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने. डबा साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास आत स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतींना चिकटते. ज्यांच्या ओढण्यात जोर उरलेला नाही अशा वृद्धांना पुडीच्या यंत्रापेक्षा डब्यासहित पंप सोपा जातो.

पंप दोन तऱ्हेचे असतात हेही घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. एक तातडीचा, काही मिनिटांत मोकळे करणारा. दुसरा रोजचा, जो बारा किंवा चोवीस तास नळ्या उघड्या ठेवतो. बरे वाटते म्हणून रोजचा बंद करणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. आम्ही रोजच्या पंपाला हिरवा आणि तातडीच्याला लाल दोरा बांधला. पंपात स्टेरॉइड असेल तर घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. स्टेरॉइडची गरज प्रत्येकाला नसते, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांनी तेही सांगावे, कारण काही पंपांनी लघवी अडू शकते. झोपेच्या गोळ्या मनाने कधीही घेऊ नयेत, त्या श्वास मंदावू शकतात. वाफाऱ्याने नाक-घसा मोकळा वाटतो, पण श्वासनळ्या रुंदावत नाहीत. तो पंपाच्या जागी चालणार नाही.

श्वास, चालणे आणि घरकाम

अडकलेली हवा बाहेर काढण्याची सर्वांत सोपी युक्ती फुकट आहे. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालताना ओठ करतो तसे करून चार मोजेपर्यंत सोडावा. जोर लावायचा नाही. ओठांच्या अडथळ्यामुळे नळ्यांत थोडा दाब टिकतो आणि त्या अवेळी मिटत नाहीत. जिना चढताना श्वास सोडत पायरी चढावी, घेताना थांबावे. धाप लागलीच तर पुढे वाकून कोपरे गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकावीत. आडवे पडू नये.

धाप लागते म्हणून माणूस चालणे सोडतो, न चालल्याने मांड्यांचे स्नायू गळतात, गळालेले स्नायू थोड्या कामालाही जास्त प्राणवायू मागतात आणि धाप आणखी वाढते. हा फेरा तोडणाऱ्या व्यायामक्रमाला श्वसन पुनर्वसन म्हणतात. तो सहा ते आठ आठवड्यांचा असतो आणि धाप कमी करण्यात औषधांच्या बरोबरीने बसतो, तरी आपल्याकडे तो चिठ्ठीवर क्वचितच लिहिला जातो. मोठ्या रुग्णालयात सोय असल्यास मागून घ्यावा, नसल्यास घरी सुरुवात करावी: सपाट जागी, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, पाच मिनिटे, आणि दर आठवड्याला एक-दोन मिनिटांची भर घालत वीस-तीस मिनिटांपर्यंत. सोबत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे आणि पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंड वर-खाली करणे. चालताना छातीत दुखले किंवा भोवळ आली तर थांबून डॉक्टरांना सांगावे.

घरकामात उकिडवे बसणे आणि वाकणे टाळावे, कारण पोट वर दाबले जाऊन छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा राहत नाही. भाजी टेबलाशी बसून निवडावी, केर लांब दांड्याच्या झाडूने काढावा, अंघोळ स्टुलावर बसून करावी आणि अंग पुसण्याऐवजी मोठा पंचा गुंडाळून बसावे. परकराची नाडी सैल बांधावी. ही सूचना आत्याला एका परिचारिकेने दिली आणि तिला सर्वांत जास्त आवडलीही तीच.

जेवण दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे असावे, कारण तुडुंब पोट श्वास अडवते. दही, केळे, भात यांनी कफ होतो म्हणून ते सरसकट बंद करतात, आणि आधीच वाळत चाललेला माणूस आणखी वाळतो. एखाद्या पदार्थाने त्या व्यक्तीला खरोखर त्रास होत असेल तर तेवढा सोडावा. या रोगात वजन घटणे हे चांगले लक्षण नाही. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे पुरेसे पोटात जायला हवेत. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस डॉक्टर सांगतील तशी घ्यावी.

रोग उसळतो तेव्हा

सर्दी-पडशानंतर, दिवाळीच्या आसपास किंवा कडाक्याच्या थंडीत रोग एकाएकी उसळतो. धाप नेहमीपेक्षा वाढणे, बेडका वाढणे, आणि त्याचा रंग पांढऱ्यावरून पिवळा-हिरवा होणे, ही त्याची तीन लक्षणे. प्रत्येक उसळीनंतर माणूस थोडा खालच्या पायरीवर उतरतो, म्हणून ‘दोन दिवस बघू’ हे धोरण महाग पडते. काय करायचे ते बरे असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे: तातडीचा पंप किती वेळा, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करायच्या का, प्रतिजैविक कधी. स्टेरॉइडच्या गोळ्या साधारण पाच दिवसांच्याच असतात; जुनी चिठ्ठी दाखवून दर महिन्याला त्याच गोळ्या आणल्या तर हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, माणूस बरळू लागला किंवा गुंगीत जाऊ लागला, तर पंप देत देतच १०८ ला फोन करावा. तेथे सीओपीडी आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे. अशा रुग्णाला प्राणवायू मोजून द्यायचा असतो, रक्तातली त्याची पातळी ८८ ते ९२ टक्क्यांत राहील इतकाच. तो वारेमाप दिल्यास काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून शुद्ध हरपते. ही पातळी दाखवणारे बोटावरचे यंत्र (पल्स ऑक्सिमीटर) थंडगार बोटावर किंवा नेलपॉलिशवर चुकीचा आकडा दाखवते, म्हणून हात चोळून ऊब आणावी.

घरचा प्राणवायू

प्रत्येक धापेला प्राणवायू लागत नाही. स्वस्थ बसलेले असतानाही पातळी सतत ८८ किंवा त्याहून खाली राहत असेल, तर तो रोज किमान पंधरा तास, झोपेचे तास धरून, घेतल्याने आयुष्य वाढते. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास नळी लावण्याने तो लाभ होत नाही. हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, विजेवर चालतो, म्हणून वीज जाणाऱ्या गावात एक भरलेला सिलिंडर जवळ हवाच. प्रवाह किती ठेवायचा ते लिहून यंत्रावर चिकटवावे आणि पाहुण्यांनी तो वाढवू नये. नळीपासून गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती आणि विडी निदान दहा फूट दूर असाव्यात, आणि नाकाला पेट्रोलियम जेली लावू नये.

दर तपासणीला जाताना पिशवीत जुने अहवाल तर असावेतच, पण सगळे पंप आणि डबाही असावा, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी ‘मी घेऊन दाखवतो, बरोबर आहे का पाहा’ असे आपणच म्हणावे. आत्या दर खेपेला घेऊन दाखवते. मागच्या वेळी नर्सने तिला थांबवले, कारण फवारा दाबल्यावर तिचा श्वास पुन्हा घाईचा झाला होता.